एका सुभेदाराची ट्रंक : स्मृतिसंग्रहाच्या प्रकल्प नोंदी

पाटण तालुक्यातील (जि. सातारा) एका गावचे निवृत्त सुभेदार फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले. पलटणीच्या कागदावर वय ९२, घरच्यांच्या हिशेबाने ९४. घर आणि गाव त्यांना आबा म्हणे, नोंदींतही तेच म्हटले आहे. वर्षश्राद्धाआधी तीन कामे पुरी करायची आहेत : कागदांची नीट लावलेली पेटी, ६४ पानांची पुस्तिका आणि सोप्यात लावायची पदकांची चौकट. नियम एकच. पुस्तिकेतल्या प्रत्येक विधानाखाली पेटीतल्या वस्तूचा क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर ‘घरची आठवण’ असे स्पष्ट लिहायचे.

४ ऑगस्ट २०२४

ट्रंक उघडली. काळ्या पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर. पाटणच्या ऑगस्टमध्ये जुना कागद हाताळू नये. हवेतल्या ओलीने तो मऊ पडतो आणि घडीवर फाटतो. म्हणून आज फक्त तीन गोष्टी केल्या. वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या होत्या त्या क्रमाने थरांचे फोटो घेतले (एकूण पाच थर). डांबर गोळ्या काढून टाकल्या, कारण त्यांची वाफ फोटोंना आणि प्लॅस्टिकला बाधते. मलमलीच्या चार पुरचुंड्यांत मिळून २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवले. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात.

थरांचा क्रम मोडू नये, तोही पुरावाच असतो. सर्वांत वर पेन्शनचे कागद, सर्वांत खाली, पदकांच्याही खाली, सुतळीने बांधलेला मनीऑर्डर कूपनांचा गठ्ठा. त्यांनी तो तिथे का ठेवला असेल ते पुढे पाहू.

१८ ऑगस्ट

मोजणी. २१४ वस्तू. त्यांत १० पदके, ६३ कूपने, ४१ अंतर्देशीय पत्रे, २८ फोटो, ३ वह्या, डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळणारी सेवेची नोंदवही), पेन्शन पेमेंट ऑर्डर, मरून बेरे टोपी आणि पॅराशूटचा कापडी बिल्ला. प्रत्येक कागदाच्या मागे खालच्या उजव्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने क्रमांक घातला. पेनाने कधीच लिहू नये, ओल लागली की शाई पलीकडच्या बाजूला उतरते. फोटोंच्या मागे पेन्सिलही दाबायची नाही, पुढे वळ उठतो. फोटो वेगवेगळ्या पाकिटांत घालून क्रमांक पाकिटावर टाकला.

टोपीला कसर लागली आहे. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद केली आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवड्यांसाठी ठेवली. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. लगेच उघडली तर गार लोकरीवर पाणी धरते आणि बुरशी येते.

२५ ऑगस्ट

पदके. घरच्यांनी चिंच-मीठ आणून ठेवले होते, ते परत पाठवले. पदक घासायचे नाही, पॉलिशही करायचे नाही. कडेवर कोरलेला नंबर, हुद्दा आणि नाव घासून पुसट होतात आणि खरी माहिती तिथेच असते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली. टॉर्च आडवी धरली की कोरीव अक्षरे सावलीने वर येतात, अशा उजेडात कडांचे फोटो घेतले.

दहापैकी नऊ आबांची. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ (रिबनवर मोहिमेची पट्टी ‘गोवा १९६१’), पूर्वी स्टार, रक्षा मेडल १९६५, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, विदेश सेवा मेडल (पट्टी कोरियाची), स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक, आणि वीस व नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेची दोन. लावण्याचा क्रमही हाच.

दहावे पदक स्वातंत्र्य पदक १९४७. ते १५ ऑगस्ट १९४७ रोजी सेवेत असलेल्यांचे, आणि आबा भरती झाले १९४९ ला. कडेवरचा नंबरही वेगळा. पुतण्यांकडच्या कागदांशी ताडून पाहिला, तो थोरल्या भावाचा निघाला. भाऊ लवकर गेले आणि पदक आबांच्या पेटीत आले. चौकटीत ते लावायचे नाही. ते वेगळ्या पाकिटात, भावाच्या नावाने.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी गावात असतात. फोटोंतली माणसे ओळखायला यापेक्षा चांगला आठवडा नाही. मूळ फोटो कोणाच्याही हातात दिले नाहीत. ए-४ आकाराच्या प्रती काढल्या, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाकला आणि कागद तीन गटांना वेगवेगळे दिले. एकत्र बसवले की पहिला जो बोलतो त्याच्या मागे सगळे मान डोलावतात. दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितले तरच ते धरले.

२८ पैकी १९ फोटो लागले. आजींनी (आबांच्या पत्नी, वय ८८) एका फोटोची तारीख नेसण्यावरून सांगितली. ते लुगडे थोरल्या मुलीच्या बारशाचे होते.

एक फोटो चौकटीच्या काचेला चिकटला आहे. ओढायचा नाही, त्यावरचा थर काचेवर राहतो. काचेसकट, मागे काळे कापड धरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावून फोटो घेतला.

२२ सप्टेंबर

डिस्चार्ज बुक. घरात दोन समज होते. आबा आधी मराठा पलटणीत होते, मग ती सोडून पॅराशूटमध्ये गेले, हा पहिला. त्यांचे दोन नंबर आहेत, म्हणजे एक चुकीचा असणार, हा दुसरा. दोन्ही खोटे ठरले.

पलटण एकच होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन १९४६ मध्ये पॅराशूटच्या कामासाठी घेतली गेली, आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिचे नाव २ पॅरा (मराठा) झाले. आबा बेळगावला प्रशिक्षण घेऊन १९४९ अखेर ज्या पलटणीत दाखल झाले, तिथूनच १९७४ मध्ये निवृत्त झाले. बदलली ती टोपी आणि बिल्ला.

दोन नंबरांचे कारण हुद्द्यात आहे. शिपायाचा नंबर हवालदारापर्यंत चालतो. जेसीओ (हवालदाराच्या वरचा, सुभेदार वर्गातला अधिकारी) झाला की ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. ट्रंकेवर रंगवलेला नंबर जुना, पेन्शनच्या कागदावरचा नवा.

आणखी एक खाचखळगा. १९६४ ला ‘जमादार’ आणि १९६५ ला ‘नायब सुभेदार’ अशा नोंदी आहेत. ही बढती नव्हे. १९६५ मध्ये जमादार हे हुद्द्याचे नावच बदलून नायब सुभेदार केले गेले. इतर घरांतल्या पुस्तिकांत अशी एक बढती जास्त मोजलेली असते.

नोंदींतली टी.ओ.एस. म्हणजे पलटणीच्या नफरीवर (संख्याबळात) घेतले, एस.ओ.एस. म्हणजे नफरीवरून कमी केले. या दोन तारखा कागदावर ओळीने मांडल्या की माणूस कधी कुठे होता याचा सांगाडा उभा राहतो. रजा त्यातच भरायच्या. मुलांच्या जन्मतारखा रजांशी जुळवल्या, चारही जुळल्या.

६ ऑक्टोबर

सेवेच्या अभिलेखासाठीचा पहिला अर्ज फुकट गेला. तो बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पत्त्यावर पाठवला होता. भरती तिथली असली तरी निवृत्ती पॅराशूट रेजिमेंटमधून झाली, आणि कागद शेवटच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे बेंगळुरूला असतात. पत्ता ठरवताना भरतीचा कागद पाहू नये, पेन्शन पेमेंट ऑर्डर पाहावी.

दुसरा अर्ज आजींच्या सहीने (अंगठा, दोन साक्षीदार). सोबत मृत्यूचा दाखला, पेन्शन पेमेंट ऑर्डरची प्रत, दोन्ही नंबर, आजींचे ओळखपत्र. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला. नावाचे इंग्रजी स्पेलिंग डिस्चार्ज बुकात आहे तसेच ठेवले, आधार कार्डावरचे वेगळे आहे. फरकाबद्दल एक ओळ अर्जातच घातली, नाहीतर याच मुद्द्यावर कागद अडतो.

२० ऑक्टोबर

हवा कोरडी झाली. स्कॅनिंग सुरू. पत्रे ४०० डीपीआय, मोठे फोटो ६००, बॉक्स कॅमेऱ्याचे लहान ठसे १२००. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची जेपीजीमध्ये. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस, प्रकार, क्रमांक या क्रमाने. तारीख नसेल तिथे शून्ये. म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

गंजलेल्या स्टेपलच्या पिना ओढून काढल्या की कागदाचा तुकडा बरोबर येतो. मागच्या बाजूला पातळ पाते सरकवून आधी पाय उभे करायचे, मग वर उचलायचे. सेलोटेपला हात लावला नाही. लॅमिनेशनची सूचना दोनदा आली, दोनदा नाही म्हटले. एकदा उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक परत निघत नाही आणि आतला कागद पिवळा पडतच राहतो.

पत्रांवर ठिकाण नसते, फक्त ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असते. ए.पी.ओ. म्हणजे सैन्याचे डाकघर. ५६ पश्चिमेकडचे, ९९ पूर्वेकडचे. याहून जास्त अर्थ त्यातून काढू नये.

३ नोव्हेंबर

दिवाळीत नातवाच्या जुन्या फोनमधून २०१६ चे ध्वनिमुद्रण मिळाले, १ तास ४० मिनिटांचे. पहिले काम मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी. लेखनाला अकरा तास लागले. पंखा चालू असल्याने घरघर आहे. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘स’ आणि ‘श’ खाल्ले, म्हणून मूळ आवाजच हळू गतीने ऐकला.

बोली सुधारलेली नाही. पाटणची मराठी आणि पलटणीची हिंदी एकाच वाक्यात येते : पिट्ठू, लंगर, फॉलिन, नफरी. ‘प्रमाण’ करायला गेलो असतो तर माणूसच निघून गेला असता. अवघड शब्दांची यादी शेवटी, २६ शब्द. प्रत्येक पाच मिनिटांनी समासात वेळ लिहिली, म्हणजे नातवंडांना तो तुकडा लगेच ऐकता येईल.

१७ नोव्हेंबर

फोटो क्र. ११. तंबूंची रांग, बर्फ, पाच जवान. मागे ‘हिंदनगर ५३’. घरच्यांच्या मते ही कुठली तरी कॉलनी. विदेश सेवा मेडल शेजारी ठेवले आणि उलगडले.

कोरियातले युद्ध जुलै १९५३ मध्ये थांबले. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक युद्धकैदी दोन्ही कोरियांच्या मधल्या निःशस्त्र पट्ट्यात सांभाळायचे काम भारताच्या कस्टोडियन फोर्सकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, फोर्सचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. २ पॅरा त्यात होती. तिथल्या भारतीय छावणीचे नाव हिंदनगर. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाय ठेवू द्यायचे नाकारले, म्हणून इंचॉनच्या किनाऱ्यावरील जहाजांतून जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरने थेट पट्ट्यात नेले. ध्वनिमुद्रणात ३१ व्या मिनिटाला आबा ‘बोटीवरनं उडवलं’ म्हणतात ते हेच. लेखनात आधी तिथे प्रश्नचिन्ह होते, ते काढले.

पुस्तिकेत ‘कोरियाच्या युद्धात लढले’ असे लिहायचे नाही. युद्धात गेले ते लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचे ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पथक, आणि तेही जखमींच्या सेवेसाठी. आबांचे काम युद्धानंतरचे होते. हजारो बिथरलेले कैदी शक्यतो गोळी न चालवता राखायचे. ते लढण्यापेक्षा हलके होते असे कोणी समजू नये, म्हणून त्याला दोन पूर्ण पाने दिली.

३० नोव्हेंबर

६३ कूपने, १९५१ ते १९७३. सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोलाचा भाग. मनीऑर्डर फॉर्मच्या तळाचा हा तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राही, त्यावर चार ओळींचा मजकूर मावे. आजींना वाचता येत नव्हते, मजकूर पोस्टमन वाचून दाखवी. म्हणून बहुतेक कूपनांची सुरुवात ‘वाचणाराने सांगावे की’ अशी आहे. आजींनी सगळी जपली. त्या सांगतात की गठ्ठा ट्रंकेच्या तळाशी निवृत्तीनंतर आबांनीच ठेवला.

तक्ता केला : तारीख, रक्कम, पोस्टाचा शिक्का, मजकूर, कोणासाठी. १९५७ च्या एप्रिलआधीच्या कूपनांवर आणे आहेत, नंतर नवे पैसे. बेरीज करताना हे वेगळे ठेवावे लागते. रक्कम २५ रुपयांपासून सुरू होते आणि १९७३ ला १३० वर पोहोचते.

मजकुराची विभागणी केली. गुरे आणि शेती २१, मुलांची शाळा १७, आईचे औषध ९, देणी-घेणी ८, उरलेली संकीर्ण. पलटणीतल्या पराक्रमाची एकही ओळ नाही. १९५८ च्या जूनमध्ये थोरलीला शाळेत घालताना जन्मतारीख मास्तरांवर सोडू नका, खरी सांगा, असे बजावले आहे. त्याच महिन्यात म्हशीची पेंड बदलायला सांगितली आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच कूपनावर आहेत आणि पुस्तिकेत तशीच शेजारी छापायची.

आधी कूपनांना चार पाने ठेवली होती, आता अठरा. पदकांची पाने बारावरून सहावर आली.

कूपनांचा कागद फार पातळ. प्रत्येक कूपन आम्लरहित टिश्यूत आणि दहा-दहाच्या पाकिटात. सुतळी काढून वेगळी ठेवली, गाठ न सोडता सरकवून.

१२ डिसेंबर

‘अकरा डिसेंबर’चा गुंता सुटला. ध्वनिमुद्रणात आबा तीनदा ही तारीख घेतात. एकदा घर पडल्याचे बोलतात, एकदा विमानातून उडी मारल्याचे. दोन मुलांनी त्याची सरमिसळ करून ‘उडी मारली तेव्हा इकडे घर पडले’ अशी कथा केली होती, आणि ती तेराव्याच्या दिवशी भाषणातही आली.

तारीख एक, वर्षे दोन. ११ डिसेंबर १९६७, पहाटे, कोयनेचा भूकंप, त्यात घराची मागची भिंत पडली. डिस्चार्ज बुकात त्यानंतर लगेच रजा आहे. ११ डिसेंबर १९७१, संध्याकाळी, बांगलादेशच्या युद्धात, तिथले टांगाइल : २ पॅराची बटालियन लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली पुंगली पुलाजवळ उतरली. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूरकडून आलेली १ मराठा ही पलटण त्यांना येऊन मिळाली, आणि १६ तारखेला २ पॅरा ढाक्यात होती. आबा तेव्हा नायब सुभेदार, चाळिशी गाठलेले. घरातली दोन कूपने त्या डिसेंबर-जानेवारीची आहेत, दोन्हींवर भिंतीच्या उरलेल्या कर्जाचा हिशेब.

याच वेळी एक फोटो बाहेर ठेवला. आकाशभर पॅराशूट दाखवणारे वर्तमानपत्री कात्रण, खाली ‘टांगाइल’. त्या वेळी प्रसिद्धीला दिलेले ते चित्र आधीच्या सरावाचे होते. उतरलेली बटालियन एक होती, जगाला वाटले ब्रिगेड. कात्रण पेटीत राहील, पुस्तिकेत ‘टांगाइल’ म्हणून छापणार नाही.

२९ डिसेंबर

जन्मतारीख. पलटणीत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून १९३१. आपल्याकडे मास्तरांनी घातलेल्या तारखा बहुधा १ जूनच्याच असत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीच्या) प्रती काढल्या. नोंदी मोडीत, वाचून घ्याव्या लागल्या. बापाच्या नावापुढे फक्त ‘मुलगा’, नाव नाही. अशा दोन नोंदी मिळाल्या, १९२५ आणि ऑक्टोबर १९२९. पहिली थोरल्या भावाची : १९४७ च्या पदकाशी तीच जुळते. दुसरी आबांची. पुस्तिकेत दोन्ही तारखा, आपापल्या क्रमांकासह. पेन्शनच्या कागदांत मात्र काहीही बदलायला जाऊ नये, आजींचे कौटुंबिक निवृत्तिवेतन १९३१ च्याच नोंदीवर उभे आहे.

१२ जानेवारी २०२५

चौकट. आतून १८ बाय १२ इंच, खोली दीड इंच. पाठीला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) होते, ते काढले. त्याच्या वाफेने धातू काळवंडतो. आम्लरहित माउंट बोर्ड, त्यावर दोनदा धुऊन खळ काढलेले सुती कापड. पदके चिकटवली नाहीत, रिबनच्या मागून दोऱ्याचे चार टाके. रिबन ३२ मिमी रुंद, प्रत्येकी १५ सेंमी नवी घेतली, जुन्या पाकिटात. काच पदकांना टेकू नये म्हणून कडेने पट्टी. सोप्यातली पश्चिमेची भिंत टाळली, तिथे दुपारचे ऊन येते आणि पावसाळ्यात ओल मारते. आतल्या बाजूच्या भिंतीवर, मागे दोन बुचांच्या चकत्या ठेवून टांगली, म्हणजे हवा खेळते.

२६ जानेवारी

पुस्तिकेची पहिली प्रत तपासली. ३७ चुका. त्यांतल्या ११ आकड्यांच्या, कारण सॉफ्टवेअरने मराठी आकडे मध्येच इंग्रजी केले. नात्यांच्या तक्त्यात सुनांची माहेरची गावे राहिली होती, ती घातली. ९० जीएसएम कागद, शिलाई, १२० प्रती.

९ फेब्रुवारी

पेटी घरी दिली. सोबत दोन पानी सूचना : दर मे महिन्यात एकदा उघडायची, जेल परतायचे, कसर पाहायची, क्रमांक ताडायचे. हार्ड डिस्कच्या तीन प्रती, एक गावी, एक पुण्याला थोरलीकडे, एक मुंबईला. आजींनी वर्षश्राद्धाच्या दिवशी १९५८ चे कूपन वाचून दाखवायला सांगितले आहे, त्यासाठी मोठ्या अक्षरांची प्रत काढून दिली. मूळ कूपने टिश्यूसकट पुन्हा ट्रंकेच्या तळाशी, होती तिथेच ठेवली.